ऑफिसच्या नेटवर वेब प्रॉक्सी: आयटीला कळतं का, आणि तुझा पासवर्ड नक्की कुठे जातो

प्रश्न असा आलाय: "दादा, मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. फोन गेटवर जमा करावा लागतो आणि ऑफिसच्या पीसीवर मेल, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब सगळं ब्लॉक आहे. आई आजारी असते, घरचे निरोप संध्याकाळपर्यंत कळत नाहीत. मित्राने एक वेब प्रॉक्सीची साइट दिली, त्यातून पर्सनल मेल उघडला, व्हॉट्सअ‍ॅप मात्र चालत नाही. आयटीवाल्यांना हे कळतं का? आणि याहून चांगली फ्री प्रॉक्सी कुठली?"

दादा म्हणालास म्हणून एकेरीतच बोलतो. मी नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर या कारखान्यांच्या पट्ट्यात वीस वर्षं नेटवर्क आणि फायरवॉलचंच (कंपनीच्या नेटच्या दारावरचा वॉचमन समज) काम करतोय, म्हणजे तुझ्या कंपनीत ज्याने हे सगळं ब्लॉक केलंय तो माझ्याच धंद्यातला माणूस. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो. हो, कळतं. आणि चांगली फ्री वेब प्रॉक्सी मी सांगू शकत नाही, कारण ज्यात मी स्वतःचा पासवर्ड टाकेन अशी एकही मला आजवर भेटलेली नाही. तू मेल उघडलास म्हणजे पासवर्ड टाकलास, आणि मला आयटीवाला तुला पकडेल याच्यापेक्षा त्या पासवर्डची काळजी जास्त वाटतेय. हे घरून फोनवर वाचत असशील तर आधी तो बदल आणि मग पुढे वाच, बाकी काय काय तपासायचं ते खाली सांगतो.

प्रॉक्सी ही मुळात वाईट गोष्ट नाही. कॉलेजात मित्राची हजेरी लावतो त्याला आपण प्रॉक्सी लावली म्हणतो ना, अगदी तेच, तुझ्या वतीने दुसरं कोणीतरी जाऊन येतं. २००४ च्या आसपास मी कॉलेज रोडला एका सायबर कॅफेत कामाला होतो, एकच कनेक्शन आणि त्यावर दहा मशीन, मध्ये एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून स्क्विड बसवलेला. स्क्विड हे १९९६ पासूनचं सॉफ्टवेअर, आजही चालतं, त्याचा ३१२८ नंबरचा पोर्ट मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. त्याचं काम एवढंच की एका गिऱ्हाइकाने एखादं पान उघडलं की त्यातली चित्रं साठवून ठेवायची आणि दुसऱ्याने तेच पान मागितलं की बाहेर न जाता तिथूनच द्यायची, म्हणजे तेवढ्याशा लाइनीवर दहाही जणांचं भागायचं. ही मालकाची स्वतःची प्रॉक्सी, कोणी बसवली, कुठे ठेवलीय, कोण बघतं हे सगळं माहीत असलेली.

तुझ्या मित्राने दिलेली ती वेगळी जात. तिथे एक पान असतं, त्यात एक चौकोन, त्या चौकोनात तू हवी ती साइट टाइप करतोस, मग तो सर्व्हर ती साइट स्वतः जाऊन आणतो, त्यातली प्रत्येक लिंक बदलून स्वतःकडे वळवून घेतो आणि मग तुला दाखवतो. तुमच्या फायरवॉलला वाटतं की तू त्या एकाच साइटशी बोलतोयस, ज्या साइटवर बंदी आहे तिचं नावच त्याच्यासमोर येत नाही. युक्ती म्हणतात ती एवढीच. ग्लाइप, पीएचप्रॉक्सी अशा फुकट स्क्रिप्ट निघाल्या तेव्हा स्वस्तातल्या होस्टिंगवर कोणीही अर्ध्या तासात अशी साइट उभी करायचा, म्हणून त्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. व्हॉट्सअ‍ॅप वेब तुझ्याकडे चाललं नाही त्याचं कारणही हेच आहे, त्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरशी सतत उघडी राहणारी लाइन लागते आणि असल्या स्क्रिप्टना पान आणणं आणि लिंका बदलणं याच्यापलीकडे फारसं काही जमत नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक मला सांगतात की सर पण त्या साइटला एचटीटीपीएस आहे, कुलूप दिसतं. अरे ते कुलूप तुझ्या ब्राउझरपासून त्या प्रॉक्सीच्या सर्व्हरपर्यंतचं आहे. तिथे ते उघडतं. सर्व्हर सगळं उघडं वाचतो, मग नवीन कुलूप लावून पुढे खऱ्या साइटकडे पाठवतो, उत्तर आलं की परत तेच उलट्या बाजूने. २०१५ ला लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था आल्यापासून ते कुलूप फुकट मिळतं, चोरालाही मिळतं, म्हणून कुलूप दिसलं म्हणजे माणूस चांगला असं होत नाही. अनोळखी माणसाच्या हातात पासबुक आणि सही केलेली पैसे काढायची स्लिप देऊन तू त्याला बँकेत पाठवतोयस, आणि तो पैसे आणून देईल या भरवशावर बाहेर बाकड्यावर बसलायस. आणून देईलही. पण त्या पासबुकाचा फोटो त्याने काढला की नाही हे तुला कधीच कळणार नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून मी गेल्या वर्षी एका प्लांटच्या ट्रेनिंग हॉलमध्ये करून दाखवलं. एक छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर तसलीच एक जुनी पीएचपी स्क्रिप्ट टाकली, आणि तिच्यात मी फक्त एक ओळ वाढवली, की फॉर्ममधून जे येईल ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेव. पुढच्या रांगेतल्या एका इन्स्पेक्टर ताईंना म्हणालो, ही माझीच टेस्ट साइट आहे, या प्रॉक्सीतून उघडा आणि कुठलंही खोटं नाव आणि खोटा पासवर्ड टाका. त्यांनी टाकला, पान नेहमीसारखं उघडलं, कुलूपही होतं, काहीच वेगळं वाटलं नाही. मग मी प्रोजेक्टरवर ती फाइल उघडली. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, खाली त्यांनी टाकलेलं नाव, त्याच्या खाली पासवर्ड, 'गोदाघाट१२३' असं त्यांनी मुद्दाम मराठीत टाकलेलं तेही अक्षरनअक्षर जसंच्या तसं. त्या ताई खुर्ची मागे सरकवून उभ्याच राहिल्या. मागून एकाने विचारलं, सर मग ओटीपी असेल तर? ओटीपी तू कुठे टाकतोस, त्याच फॉर्ममध्ये ना, मग तोही त्याच फाइलमध्ये. आणि ओटीपी घटकाभराने मेला तरी लॉगिन झाल्यावर साइट तुला जी कुकी देते ती जिवंत राहते. कुकी म्हणजे जत्रेत पाळण्याचं तिकीट काढल्यावर हातावर शिक्का मारतात तसं, ज्याच्या हातावर शिक्का त्याला परत तिकीट कोणी विचारत नाही. ती कुकीसुद्धा त्याच सर्व्हरमधून जाते.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी आमच्या लाइनीतले लोकही विसरतात. ब्राउझर नेहमी एका साइटच्या कुकी दुसऱ्या साइटला दाखवत नाही, प्रत्येकाचं घर वेगळं, भिंत वेगळी. पण वेब प्रॉक्सीतून सगळ्याच साइट एकाच पत्त्यावरून येतात, मग ब्राउझरला वाटतं हे सगळं एकच घर आहे. म्हणजे एका टॅबमध्ये मेल आणि दुसऱ्या टॅबमध्ये कुठलीतरी गाणी डाउनलोड करायची साइट असं त्याच प्रॉक्सीतून उघडलं तर त्या दुसऱ्या पानावरची स्क्रिप्ट तुझ्या मेलच्या कुकीपर्यंत पोचू शकते. इथे प्रॉक्सी चालवणारा अगदी साधू माणूस असला तरी धोका राहतोच, म्हणून मी चांगली कुठली या प्रश्नातच पडत नाही.

आणि फुकट का देतात हा प्रश्न स्वतःला विचार. सर्व्हरला भाडं लागतं, डेटाला पैसे लागतात. जाहिराती घुसवून निघतात काही, बाकीचे कुठूनतरी निघायलाच हवेत. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएन एक्स्टेन्शनचं प्रकरण बाहेर आलं, ते वापरणाऱ्यांच्याच कनेक्शनमधून दुसऱ्यांचा ट्रॅफिक फिरवला जात होता आणि ल्युमिनाटी नावाने तो विकला जात होता. म्हणजे तू इथे नाशिकला बसून गाणं ऐकतोयस आणि तुझ्या आयपीवरून (म्हणजे तुझ्या कनेक्शनच्या नेटवरच्या पत्त्यावरून) जगात कोण कुठे काय उद्योग करतोय त्याचा तुला पत्ता नाही. कंपनीच्या आयपीवरून असं काही झालं तर पोलिसांची चौकशी कंपनीच्या गेटवर येते.

आता आयटीला कळतं कसं. साइटचं नाव टाकलं की पहिल्यांदा त्याचा आयपी विचारला जातो, तो प्रश्न कंपनीच्या डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे जातो, तिथे एक नोंद झाली. मग तुझा ब्राउझर त्या साइटला पहिला हॅलो करतो, त्यात साइटचं नाव उघडं असतं, त्याला एसएनआय म्हणतात, पुढचं सगळं एन्क्रिप्ट असलं तरी फायरवॉल ते नाव वाचतो. ते नाव झाकायचीही सोय आता आलीय, ईसीएच म्हणून, पण मी बसवतो तिथे तरी ती चालू देत नाही. नाव कळलं की फायरवॉल आपल्या यादीत बघतो की ही साइट कुठल्या प्रकारातली, बँक, बातम्या, खेळ, शॉपिंग, आणि वेब प्रॉक्सींसाठी तर स्वतंत्र प्रकारच असतो, प्रॉक्सी अव्हॉइडन्स. तुझी ती साइट आज चालली याचा अर्थ ती अजून त्या यादीत आलेली नाही एवढाच, आठ-पंधरा दिवसांत येते, मग मित्र नवीन देतो, मग ती येते. बऱ्याच ठिकाणी आम्ही नवीन नोंदवलेली आणि कुठल्याच प्रकारात न बसणारी डोमेनही बंद ठेवतो, कारण खोट्या बँकांच्या साइटही तशाच ताज्या असतात.

काही कंपन्यांत याच्याही पुढे जाऊन एचटीटीपीएस उघडून तपासतात, त्यासाठी कंपनीचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट सगळ्या पीसीवर टाकलेलं असतं. तुमच्याकडे आहे का हे तुलाच बघता येईल, ऑफिसच्या पीसीवर कुठलीही साधी बातम्यांची साइट उघड, अ‍ॅड्रेसच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट बघ, ते कोणी दिलंय तिथे नेहमीच्या सर्टिफिकेट कंपनीऐवजी तुझ्या कंपनीचं किंवा फायरवॉलचं नाव दिसलं तर समजून जा की त्या पीसीवर तू जे टाइप करतोस ते मध्ये उघडतं. यात लपवाछपवी नाही, पॉलिसीत लिहिलेलं असतं, फक्त ते पान कोणी वाचत नाही. आणि इनकॉग्निटोचं विचारशील म्हणून सांगतो, त्याने फक्त त्या पीसीच्या ब्राउझरमधली हिस्टरी राहत नाही, फायरवॉलला काडीचाही फरक पडत नाही.

लॉगची ओळ कशी दिसते ते सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. वेळ ११:४२, लॉगिनचं नाव, मशीनचा आयपी, साइट, प्रकार, अडवलं की सोडलं, किती डेटा गेला-आला. शंभर माणसांच्या कंपनीत दिवसाला अशा लाखो ओळी पडतात आणि फेसबुक ब्लॉक, यूट्यूब ब्लॉक या ओळींकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, सगळेच जण कधीतरी क्लिक करतात. पण सोमवारी सकाळी जो आठवड्याचा रिपोर्ट आपोआप मेलने येतो त्यात प्रॉक्सीवाले सगळ्यात वर लाल रंगात असतात. म्हणजे नुसतं यूट्यूबवर क्लिक करून ब्लॉकचं पान बघितलं असतंस तर गर्दीत हरवून गेला असतास, प्रॉक्सी वापरलीस आणि वेगळा उठून दिसलास. हे लॉग लगेच पुसलेही जात नाहीत, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले त्यात कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस सांभाळून ठेवायचे असं आहे. आज कोणी काही बोललं नाही म्हणजे विषय संपला असं धरून चालू नकोस.

कंपनी ब्लॉक करते ते पोरांना छळायला असं तुला वाटत असेल, मलाही कामाला लागलो तेव्हा वाटायचं. मग मी एकदा लाइनीचा हिशोब केला. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यात अजूनही १० एमबीपीएसची लीज्ड लाइन (फक्त त्या कंपनीसाठीची नेटची लाइन) भरपूर ठिकाणी आहे, कारण ती महाग पडते. यूट्यूबचा १०८० पी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस खातो. म्हणजे दोन माणसांनी मॅच लावली की झालं, डिस्पॅचचं ई-वे बिल निघत नाही, गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर शिव्या देतोय, आणि आयटीला फोन येतो की नेट स्लो आहे.

पण लाइनीपेक्षा मोठं कारण दुसरं आहे. शॉपवर सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन) असेल, जुनी सीएनसी असेल, त्याच्या शेजारचा पीसी बघ कधी, त्यावर विंडोज ७ असतं, कुठे कुठे एक्सपी असतं, कारण मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही आणि मशीन अजून पंधरा वर्षं चालणार आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याने हेच केलं, नेटवर्कमधल्या एका मशीनमध्ये शिरला की फाइल शेअरिंगच्या रस्त्याने बाकीच्या अपडेट न केलेल्या मशीनवर आपोआप पसरत गेला. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता, पण शॉपवरच्या पीसीला पॅच कोण टाकतं. त्या आठवड्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकेका स्विचवरून वायरी काढत हिंडत होतो. प्रॉक्सीतून आलेली फाइल फायरवॉलच्या तपासणीला हुलकावणी देऊन आत येऊ शकते, आणि तू बसतोस तो क्वालिटीचा पीसी बहुतेक त्याच नेटवर्कवर आहे ज्यावर तुझं सीएमएम आहे. बंद पडलेल्या मशीनसमोर तीन शिफ्टचे ऑपरेटर बसून राहतात रे.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव सांगणार नाही. २०१३ साल असेल, अंबडमधलीच प्रेस पार्ट बनवणारी, साठ-सत्तर माणसं. डिस्पॅचचा एक अतिशय सरळ मुलगा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत वेब प्रॉक्सीतून आपला पर्सनल मेल बघायचा, बहिणीच्या लग्नाचं जमत होतं आणि स्थळांचे बायोडेटा मेलवर यायचे. त्याने पर्सनल मेलला आणि कंपनीच्या मेलला एकच पासवर्ड ठेवला होता, जे आपल्यातले बहुतेक जण करतात. तीन आठवड्यांनी त्यांच्या पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला या मुलाच्या मेलवरून मेल गेला की आमचं बँक खातं बदललंय, थकलेलं पेमेंट या नव्या खात्यावर टाका. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, सहीसुद्धा त्याचीच. नशीब की तिकडच्या अकाउंटच्या बाईंनी पैसे टाकायच्या आधी फोन करून विचारलं. मला बोलावलं तेव्हा मी त्याच्या मेलची सेटिंग उघडली तर फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता, म्हणजे त्याला येणारा प्रत्येक मेल आपोआप तिकडेही जात होता. आणि लॉगमध्ये त्या मशीनवरून रोज दुपारी एक ते दीड त्या प्रॉक्सीची ओळ. ती साइट एचटीटीपीएसवर पण नव्हती. मी वायरशार्क, म्हणजे वायरीवरून जाणारा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून त्याच्यासमोरच एक खोटा पासवर्ड टाकून दाखवला, तो स्क्रीनवर वाचता येत होता. तो मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, साहेब मी तर फक्त बायोडेटा बघत होतो. पैसे वाचले, पण त्याला मेमो मिळाला आणि त्या वर्षीची इन्क्रिमेंट गेली. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. तुला एवढं लांबलचक लिहितोय ते त्याच्यामुळे.

मग हॉटस्पॉट लावू का, असं पुढचं विचारशील. स्वतःच्या फोनवर स्वतःच्या डेटावर तू काय बघतोस तो तुझा प्रश्न, जिथे फोन आत नेऊ देतात तिथे हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मिळत नाही म्हणून लोक चहाच्या वेळी बाहेर झाडाखाली जाऊन उभे राहतात तेच बरं. पण कंपनीच्या पीसीला फोन यूएसबीने जोडून नेट घेऊ नकोस, कधीच नको. तो पीसी एका बाजूने कंपनीच्या नेटवर्कवर आणि दुसऱ्या बाजूने थेट इंटरनेटवर, मध्ये फायरवॉल नाही, म्हणजे पुढच्या दाराला वॉचमन ठेवून मागचं दार सताड उघडं. आयटीच्या नजरेत हे प्रॉक्सीपेक्षा वाईट आहे. जे ग्राहक आपल्या ड्रॉइंग गोपनीय ठेवायला लावतात, जर्मन गाड्यांच्या लाइनीतले तर टीसॅक्सचं, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचं ऑडिट मागतात, त्यांच्या ऑडिटरला असलं काही दिसलं तर थेट मोठ्या साहेबांची मान खाली जाते.

कायद्याचं थोडक्यात. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणं हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही, उगाच घाबरू नकोस. पण २००० च्या आयटी कायद्याचं कलम ४३ आहे, मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, त्याचं नुकसान करणं, व्हायरस आत आणणं त्यात येतं, आणि हे फसवणुकीच्या किंवा बेइमानीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझ्यासारख्याचं प्रकरण तिथवर जात नाही. तुला बाधतं ते जॉइन होताना सही केलेलं आयटी पॉलिसीचं पान, त्यावरून वॉर्निंग लेटर, शो-कॉज, पुन्हा केलं तर चौकशी. प्रोबेशनवर असशील तर तेवढीही वेळ येत नाही, सरळ कन्फर्मेशन थांबवतात.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येतो, कारण तुला यूट्यूब नकोय, आईची खबर हवीय. त्यासाठी प्रॉक्सी हा उपायच नाही, मेलवर कोण कळवणार आहे तुला आईला दम लागला म्हणून. उद्या एचआरला भेट, तोंडी नाही, दोन ओळींचा मेल टाक आणि तुझ्या एचओडीला कॉपीत ठेव, की घरी आजारी माणूस आहे, मला तातडीच्या निरोपासाठी डिपार्टमेंटच्या लँडलाइनचा किंवा गेटचा नंबर घरी देऊन ठेवायची परवानगी द्या, आणि दुपारच्या सुट्टीत गेटवर फोन बघू द्या. मी आजवर असा एकही प्लांट हेड बघितला नाही ज्याने हे नाही म्हटलं, माणसं वाटतात तेवढी कडक नसतात, फक्त कोणी मागत नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना पण स्वतः जाऊन सांगून ठेव, आईचं नाव, तुझं डिपार्टमेंट, फोन आला की निरोप लगेच आत पोचतो.

कामासाठी एखादी साइट लागत असेल तर तेही मागायचं असतं. कार्बाइड इन्सर्टचा कॅटलॉग शॉपिंग म्हणून ब्लॉक होतो, गेज कसं कॅलिब्रेट करायचं याचा व्हिडिओ यूट्यूबवरच असतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण 'यूट्यूब चालू करा' एवढंच लिहून पाठवलं तर आम्ही नाहीच म्हणणार. साइटचा पूर्ण पत्ता, कशासाठी हवी, किती दिवस हवी, कोणाच्या मशीनवर, आणि ब्लॉकच्या पानाचा स्क्रीनशॉट, एवढं दिलं तर दहा मिनिटांचं काम आहे. चुकीच्या प्रकारात टाकलेली साइट असेल तर फायरवॉल कंपनीला कळवून ती बदलूनही घेता येते.

माझ्यासारखं काम करणारे आणि कारखान्याचे मालक हे वाचत असतील तर त्यांनाही एक सांगायचंय. लॉगमध्ये प्रॉक्सीच्या ओळी वाढल्या की लगेच मेमो काढू नका, आधी बघा लोक त्यातून जातायत कुठे आणि कितीला. सातपूरच्या एका ठिकाणी मला रोज पंधरा-वीस जण सापडायचे, सगळे दुपारी एक ते दोन. मी मालकांना म्हटलं, त्या एका तासापुरतं बातम्या, बँक, मेल, क्रिकेटचा स्कोअर उघडून द्या, व्हिडिओ बंदच राहू दे, आणि कँटीनमध्ये एक गेस्ट वायफाय द्या जे फॅक्टरीच्या नेटवर्कला कुठेही शिवत नाही, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरिंगवर पण वेगळ्या कप्प्यात. महिन्याभरात ते पंधरा-वीस जण दोनवर आले. त्या दोघांना मी केबिनमध्ये न बोलावता त्यांच्या टेबलाशी जाऊन बसून समजावलं, तेही थांबले.

आता ते तपासायचं राहिलेलं. हे सगळं घरी, स्वतःच्या फोनवर, ऑफिसच्या पीसीवर नाही. मेलचा पासवर्ड बदल, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथे सगळीकडे बदल, कंपनीच्या मेललाही. मग त्याच सुरक्षेच्या पानावर कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते दिसतं, अनोळखी असेल ते बाहेर काढ, नुसता पासवर्ड बदलून जुनी लॉगिन प्रत्येक ठिकाणी बंद होतीलच असं धरू नकोस. रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल तुझाच आहे का बघ. टू-स्टेप लाव. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर स्कॅन करून बघितला असशील तर लिंक्ड डिव्हाइसमध्ये जा आणि जे तुझं नाही ते लॉगआउट कर. त्या प्रॉक्सीने एक्स्टेन्शन टाकायला किंवा सर्टिफिकेट इन्स्टॉल करायला सांगितलं असेल आणि तू केलं असशील तर ते स्वतः काढत बसू नकोस, उद्या सकाळी आयटीला जाऊन सांग. स्वतःहून सांगितलेल्या माणसाशी आम्ही वेगळं वागतो, हे मी शपथेवर सांगतो. त्यातून बँकेचं काही उघडलं असशील तर बँकेला आत्ताच फोन कर, आणि पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, सकाळची वाट बघू नकोस, पहिले काही तास पैसे अडवता येतात.

आणि त्या डिस्पॅचच्या मुलाचं जिथे सापडलं ते शेवटी बघ, फॉरवर्डिंग आणि फिल्टर. जीमेल असेल तर फोनच्या अ‍ॅपमध्ये ही सेटिंग दिसत नाही, ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे तुला माहीत नसलेला पत्ता दिसला तर खोडायच्या आधी तारखेसकट त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव.